लाल दोरीतला चौकोन

भातातून चालताना हातानाका किसाबुरो कधी खाली बघत नसत. मान सरळ, नजर समोरच्या डोंगरावर आणि उजवा हात बाजूला सैल सोडलेला. त्या हाताखालून लोंब्या सरकत जायच्या. बांधावरून निघाले की शेताच्या मध्याकडे कुठेतरी तो हात आपोआप मिटायचा, एखादी लोंबी मुठीत यायची आणि ते म्हणायचे, "इथे." मग मागचे दोघे बांबूची चौकट तिथे ठेवत. सहा फूट लांब, सहा फूट रुंद. आतलं भात विळ्याने कापायचं, झोडायचं, सडायचं, तांदूळ तोलायचा. त्या एका चौकोनावरून अख्ख्या शेताचं पीक ठरायचं आणि बारा शेतांवरून आमच्या नागाने वाडीचं.

जागा निवडणं हीच त्यातली सगळी कला. चांगली जागा कोणालाही दिसते, वाईटही दिसते. शेतातली अगदी मध्यम जागा डोळ्यांना दिसत नाही. ती किसाबुरोंच्या हाताला कळायची. त्यांच्या वडिलांनाही कळायची म्हणतात, पण त्यांना चुकताना लोकांनी पाहिलं होतं. किसाबुरोंना कोणी पाहिलं नव्हतं.

मी ह्या वाडीची नव्हे. सोळा वर्षं फिरत्या नाटक मंडळीत होते, कमरेला तलवार लावून पुरुषांची कामं करायचे. ईशान्येकडच्या सगळ्या गावांत कापणीनंतर आमचे खेळ व्हायचे. इथल्या सभागृहात तिसऱ्या वेळी खेळ झाला तेव्हा चटया गुंडाळायला आलेल्या तोकुजी नावाच्या शेतकऱ्याने माझी तलवार उचलून दिली आणि ती लाकडाची निघाली म्हणून इतका खट्टू झाला की मला हसू आवरेना. पुढच्या वर्षी मी त्याच्या घरात सून म्हणून आले. रंगमंचावरून मी प्रेक्षक मोजायचे, ही आमची सवयच. किसाबुरो मला लग्नाआधीपासून माहीत होते ते असे. तिन्ही खेळांना ते पुढेही बसले नव्हते, मागेही नव्हते. बरोबर मधल्या रांगेत, मधल्या चटईवर. मी नंतर त्यांना हे सांगितलं तर कान लाल झाले. म्हणाले, तिथून ऐकायला बरं येतं.

असा माणूस. कपडे मध्यम, घर मध्यम, बोलणं बेताचं. बायको फुमी त्यांच्यापेक्षा जोरात हसायची एवढंच त्या घराचं वेगळेपण. त्यांचं पाटाजवळचं शेत वाडीच्या बरोबर मध्यावर होतं. वरच्या शेतांना डोंगरातलं गार पाणी आधी मिळायचं, खालच्यांना ऊन लागून कोमट झालेलं. ह्या शेताला दोन्हींच्या मधलं. म्हणून वडिलांच्या काळापासून पीकपाहणीत तेच शेत वाडीचं माप धरलं जायचं. बाकीच्या अकरा शेतांचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे. पाहणी करणारा माणूस आणि मापाचं शेत, दोन्ही एकाच घरात, हे बरोबर नाही असं एकदा कोणीतरी सभेत म्हणालं होतं. त्यावर सगळे हसले. किसाबुरोंएवढा हात दुसऱ्या कोणाचा आहे, मग त्यांच्याच शेतात चौकट कोण ठेवणार? दोन साक्षीदार असतात ना, शिक्के मारायला.

सदुसष्ट साली विद्यापीठातून मिझुकोशी सायो आली. बावीस वर्षांची पोर, शेतीच्या अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. वाडीतली तेवीस घरं काय पिकवतात, काय खातात, कोणाचे किती तास कशात जातात, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं असा तिच्या प्राध्यापकांचा बेत होता. प्राध्यापक दोनदा आले. सायो दरवर्षी येत राहिली. पहिल्या दिवसापासून लोक तिला चेष्टेने 'सेन्सेई' म्हणायचे, बाईसाहेब म्हणावं तसं. पुढे ती खरोखरच विद्यापीठात शिकवायला लागली आणि चेष्टा तेवढी गळून पडली.

ती आमच्याकडे उतरायची. चुलीपाशी तराजू घेऊन बसे आणि प्रत्येकाचं ताट तोलून मगच जेवू देई. मिसोचं सूप, भात, मुळ्याचं लोणचं, सगळं. माझे सासरे म्हणायचे, "सेन्सेई, ह्या घरात गरम सूप प्यायचं असेल तर तुझं लग्न लावून द्यावं लागेल." पहिल्या वर्षी ती कोणत्या दिवशी कोणाकडे जाणार हे आधी सांगून जायची. त्या दिवशी प्रत्येक घरात मासा शिजायचा. मीही शिजवला. दुसऱ्या वर्षी ती न सांगता दारात उभी राहिली आणि चुलीवर बटाट्याशिवाय काही नव्हतं. मी लाजले, तेव्हा ती माझ्याइतकीच लाजून म्हणाली, "काकू, मला बटाटेच लिहायचे आहेत हो."

तिने प्रत्येक घराला एक शब्द दिला होता. तुमचं पान तुमचं. तुम्ही म्हणाल तेव्हाच दुसऱ्याला दाखवीन, कोणत्याही कचेरीला नाही. तिच्या वहीवर लोकांचा विश्वास बसला तो ह्या शब्दामुळे.

विद्यापीठाच्या परीक्षा संपेपर्यंत ऑक्टोबर संपत यायचा आणि तोवर आमची कापणी उरकलेली असायची. म्हणून किसाबुरोंनी तिच्यासाठी एक पद्धत पाडली. भात पिवळं व्हायला लागलं की आपल्या मापाच्या शेतात ते एकटे जात, हात सैल सोडून चालत आणि तो मिटला की तिथे चार खुंट्या ठोकून लाल दोरी बांधत. शेत कापलं तरी तेवढा चौकोन उभा ठेवायचा, सेन्सेई येईपर्यंत. पक्ष्यांपासून राखायचं काम फुमीचं. उघड्या शेतात तो एक सहा फुटांचा तुकडा पिवळा उभा राहायचा. लांबून बघितलं की मला नेहमी वाटायचं, प्रयोग संपून रंगमंच रिकामा झालाय आणि एकच नट निघायचं विसरलाय.

ऐंशी सालचा उन्हाळा आलाच नाही. जूनपासून समुद्राकडून गार वारा सुरू झाला आणि त्याच्याबरोबर धुकं. जुलैत आम्ही कापसाचे जाड अंगरखे पुन्हा काढले. ऑगस्टमध्ये, ऐन भात पसवायच्या वेळी, सकाळी तोंडातून वाफ निघत होती. भात पसवलं, पण दाणा भरला नाही. सप्टेंबरात भरलेली लोंबी जडपणाने वाकते. त्या वर्षी सगळ्या लोंब्या ताठ उभ्या राहिल्या, पोचट आणि हलक्या. वाऱ्यावर त्यांचा आवाजसुद्धा वेगळा यायचा, कागदासारखा.

वाडीचं सगळं आता पीकविम्याच्या भरपाईवर होतं. नियम सोपा होता. नेहमीच्या पिकाच्या तीन दशांशांहून जास्त नुकसान दिसलं तर भरपाई, कमी दिसलं तर काही नाही. भरपाई मिळाली तर तेवीस घरं पुढच्या वसंतापर्यंत तगणार होती. नाही मिळाली तर घरातले पुरुष शहरात बांधकामावर जाणार होते, ते तर दर हिवाळ्याला जायचेच, पण ह्या वेळी बायकाही जाणार आणि दारं बंद होणार. वरच्या बाजूची दोन घरं जमीन सोडून जायचं बोलायला लागली होती.

पाहणीच्या दिवशी किसाबुरोंबरोबर साक्षीदार म्हणून माझा नवरा होता आणि दुसरा साकुझो. साकुझोची जीभ वाडीत सगळ्यांत तिखट. त्या दिवशी काय झालं ते तोकुजींनी मला संध्याकाळी जेवताना सांगितलं, तेही अर्धं ताट तसंच ठेवून.

अकरा शेतं झाली. प्रत्येक ठिकाणी हात मिटला, चौकट पडली. शेवटी मापाचं शेत. लाल दोरी आधीच बांधलेली होती. किसाबुरो दोरीपाशी आले, हात मिटला, लोंबी मुठीत आली. ते क्षणभर थांबले. मग मूठ सोडली आणि पुढे चालत राहिले, पाण्याच्या तोंडापासून लांब, निचऱ्याच्या कोपऱ्याकडे, जिथे पाणी थोडं कोमट व्हायचं आणि भात थोडं बरं होतं. तिथे म्हणाले, "इथे."

"नऊ पावलं," तोकुजी म्हणाले.

मी विचारलं, दरवर्षी असंच करतात का?

"दरवर्षी. पण दरवर्षी नऊ पावलांनी काय फरक पडतो? मूठभर. स्वतःच्या शेताचं रडगाणं गायचं नाही, एवढंच असतं ते. कोण बोलणार?"

कोणीच बोललं नव्हतं. एखाद्याला तोंडावर सांगायचं, तू म्हणतोस त्याहून तुझं शेत वाईट आहे, हे आमच्याकडे शिवी दिल्यासारखं असतं. साकुझोसारखा साकुझो, तोही गप्प राहिला. चौकोनात हजार ग्रॅम तांदूळ निघाला. नेहमी चौदाशे निघायचा. दोघांनी शिक्के मारले.

बाकीची अकरा शेतं मापाच्या शेतापेक्षा फारच वाईट दिसत होती. विम्याच्या कचेरीने धरलं की त्यांचं नुकसान वाढवून सांगितलं आहे आणि सगळे आकडे मापाच्या शेताच्या हिशोबाने वर ओढले. महिन्याभरात पत्र आलं. वाडीचं नुकसान तीन दशांशांहून जरासं कमी, भरपाई नाही. तोवर आम्ही सगळं भात कापून, न झोडता, गुरांना चारा म्हणून घातलं होतं. शेतं मोकळी झाली होती. लाल दोरीतला चौकोन सोडला तर पुन्हा कापून बघायला कुठे काही उभं नव्हतं.

किसाबुरोंना कोणी दोष दिला नाही. सगळे कचेरीला शिव्या देत होते. फक्त साकुझो पाटावर भेटला की म्हणायचा, "काय किसा-सान, तुमच्याकडे तर पिकलंय म्हणे. या एकदा आमच्याकडे, कसं पिकवायचं ते शिकवा." लोक हसायचे. किसाबुरोही हसल्यासारखं करायचे. मग ते पाटावर यायचेच बंद झाले.

सायो ऑक्टोबरच्या शेवटी आली. लाल दोरीतलं भात तिने स्वतः कापलं, नेहमीप्रमाणे आमच्या ओसरीवर झोडलं आणि सडलं. किसाबुरो पायरीवर बसून होते. तराजूचा काटा थांबला तेव्हा तिने आकडा मोठ्याने वाचला नाही. वही त्यांच्याकडे वळवली. सहाशे नव्वद.

कचेरीने धरलेले हजार तिला ठाऊक होते, वाटेत बसमध्येच लोकांनी सांगितलं होतं. ती बराच वेळ सूप हातात धरून कोंडा पाखडत राहिली. कोंडा कधीच उडून गेला होता.

"ही वही मी कोणाला दाखवणार नाही," ती शेवटी म्हणाली. "शब्द दिलाय. तुम्ही सांगितलंत तरच."

किसाबुरोंनी मान हलवली, टोपी घातली आणि गेले. तो चौकोन म्हणजे अख्ख्या खोऱ्यातलं त्या वर्षीचं एकमेव खरं माप होतं, आणि ते बाहेर काढायचं तर आधी स्वतः सभेत उभं राहून सांगायला हवं होतं की पाहणीचं माप मी खोटं घेतलं. ज्या माणसाच्या हातावर तेवीस घरांचा विश्वास, त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या दाराने आले. मी पर्सिमनची फळं सोलून दोरीला बांधत होते. ते माझ्याशेजारी बसले, एक फळ घेतलं आणि सोलायला लागले. अर्धं झाल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं लोकांपुढे उभ्या राहिलात. आवाज कापू नये म्हणून काय करायचं असतं?"

मी सुरी खाली ठेवली. नाटकात खूप सल्ले असतात, मला पन्नास ठाऊक होते. पण त्या माणसाला काय देणार? मी म्हटलं, पहिलं वाक्य पाठ करा. फक्त पहिलं. ते छोटं असू द्या. आणि ते सांगताना कोणा एकाकडे बघा, सगळ्यांकडे नको.

"कोणाकडे?"

"ज्याच्याकडे बघायची सगळ्यांत जास्त भीती वाटते त्याच्याकडे."

ते थोडंसं हसले. "साकुझो."

सभा चार दिवसांनी त्याच सभागृहात झाली, जिथे मी कधी तलवार फिरवली होती. कचेरीतले साहेब आले होते, सभ्य आणि थकलेले. त्यांनाही आमच्यासारख्या वीस वाड्यांत हेच ऐकावं लागत होतं. वाडीची तक्रार वाचून झाली. साहेबांनी सांगितलं की सहानुभूती आहे, पण मापाच्या शेतावर दोन शिक्के आहेत आणि उभं पीक कुठे राहिलेलं नाही.

किसाबुरो मधल्या रांगेतून उठले. साकुझोकडे बघितलं.

"मी चौकट नऊ पावलं सरकवली."

आवाज कापला नाही. पण पुढचं वाक्य काही केल्या येईना. मी मागे बायकांत बसले होते आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले, विंगेत उभं राहून विसरलेल्या नटाला शब्द पुरवावा तसे. पण माझ्याकडे कुठला शब्द होता? ते वाक्य कोणी लिहिलेलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने ते स्वतःच बोलले. दरवर्षी सरकवतो, ह्या वर्षीही सरकवली, खरी जागा लाल दोरीतली होती. तिथला तांदूळ पिशवीत बंद आहे, सेन्सेईंकडे.

साहेबांनी नम्रपणे विचारलं ते मला आजही चुकीचं वाटत नाही. ती जागाही तुम्हीच निवडलीत ना? आज म्हणता आधीची खोटी आणि ही खरी. मी कोणती धरू?

मग किसाबुरो सायोकडे वळले आणि त्यांनी खाली वाकून विनंती केली. "माझं पान वाचून दाखवा."

तिने विचारलं, सगळं? ते म्हणाले, सगळं.

ती उभी राहिली आणि तेरा वर्षं वाचली. दर वर्षाचे तीन आकडे. लाल दोरीतलं माप, मग अख्खं शेत झोडून पोती तोलल्यावर निघालेलं खरं पीक, आणि मग कचेरीत गेलेला आकडा. पहिले दोन आकडे दरवर्षी जवळजवळ एकच. शंभरात दोनच्या वर फरक एकदाही नाही. तिसरा आकडा दरवर्षी मोठा. कधी शंभरात चार, कधी सात. सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. तिचा आवाज अगदी सपाट होता आणि त्यामुळेच ऐकवत नव्हतं. एकेका वर्षाबरोबर दोन गोष्टी सिद्ध होत होत्या, त्या माणसाचा हात किती खरा होता आणि त्याने दरवर्षी तो कसा बाजूला ठेवला होता. किसाबुरो उभेच होते. फुमी माझ्याशेजारी बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती.

वाचन संपलं. मग साकुझो उठला. मला वाटलं, आता हा काय बोलतोय.

"साहेब, पावलं मी मोजली होती," तो म्हणाला. "नऊच. शिक्का मारला तो माझाच. हे एकटेच का उभेत?"

तोकुजीही उठले. चारचौघांत त्यांना बोलता येत नाही, पण ते साकुझोच्या शेजारी जाऊन उभे राहिले. साहेबांनी तिघांकडे बघितलं, कागदावर बरंच काही लिहिलं आणि तांदळाची पिशवी लाखेने बंद करून मागून घेतली. काही वचन दिलं नाही. वहीच्या त्या पानाची नक्कल मागितली. किसाबुरो म्हणाले, द्या.

डिसेंबरात दुसरं पत्र आलं. मापाच्या शेताचा आकडा सहाशे नव्वद धरला, नुकसान अर्ध्याच्या वर, भरपाई मंजूर. वरच्या बाजूचं एक घर तरीही गेलं. दुसरं राहिलं. कोणी किसाबुरोंच्या दारात आभार मानायला गेलं नाही, आणि मला वाटतं ते त्यांना बरंच वाटलं असावं. पत्र आल्याच्या दिवशी त्यांनी बांबूची चौकट सभागृहात आणून भिंतीला टेकवली आणि ते परत गेले. पाहणीचं काम सोडलं.

पुढचं वर्ष उबदार होतं. पाहणी कोण करणार ह्यावर सभेत बरीच चुळबुळ झाली. शेवटी ठरलं की ह्यापुढे स्वतःच्या शेतात कोणी चौकट ठेवायची नाही, ओढ्यापलीकडच्या घरातल्याने ठेवायची. किसाबुरोंचं शेत साकुझोच्या वाट्याला आलं.

मी त्या दिवशी बांधावर चहा घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. साकुझो भातात उतरला. खाली बघत, लोंब्या हाताने उलटसुलट करत, कपाळावर आठ्या घालून. किसाबुरो बांधावर हात मागे बांधून उभे. साकुझो एका ठिकाणी थांबला, पुढे गेला, परत आला, आणि मग पाण्याच्या तोंडाच्या बाजूला, भात जरा विरळ होतं तिथे, उभा राहिला.

"किसा-सान," तो ओरडला, "तुमचं शेत काही खास नाही हो ह्या वर्षी. मध्यमच आहे. ह्या कोपऱ्यात तर जरा कमीच."

एका माणसाने दुसऱ्याला असं तोंडावर म्हणताना मी वाडीत पहिल्यांदाच ऐकलं. तोकुजींच्या हातातला पेला तसाच राहिला.

किसाबुरो भातात उतरले. हात सैल सोडून सरळ साकुझोपर्यंत चालत गेले. त्याच्यापासून एक पाऊल अलीकडे त्यांचा हात मिटला. त्यांनी त्याच्या पायाकडे बघितलं, आपल्या मुठीकडे बघितलं.

"एक पाऊल," ते म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"इकडे."

साकुझोने एक पाऊल घेतलं आणि चौकट ठेवली. किसाबुरोंनी त्याला कमरेत वाकून नमस्कार केला, भातात, चिखलात उभं राहून. मग खिशातून लाल दोरी काढली आणि चौकटीच्या शेजारी, अगदी लागून, सेन्सेईसाठी खुंट्या ठोकायला बसले.